टण् वाजणारा चॉकलेटचा बार

आमचं फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला जी तपकिरी वीट लावून ठेवलीय, ती वीट नाही. तो चॉकलेटचा बार आहे. खाली ओट, मध्ये चॉकलेट, वर पुन्हा ओट, असा रीतसर थरांचा, आणि सबंध माझ्या हातचा. मुंग्यांनी पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीनं त्याला वेढा घातला होता. मग त्यांच्यातल्या जाणत्या मुंग्यांची बैठक झाली असावी, कारण तेव्हापासून त्यांची रांग त्याला लांबून वळसा घालून जाते. गल्लीतल्या कुत्र्यानं एकदा त्याला तोंड लावलं. ते कुत्रं आता दुधात भिजवलेल्या पावाशिवाय काही खात नाही. सिलेंडरवाल्यानं बुटाच्या टोकानं तो सरकवायला बघितला आणि लंगडत लंगडत शेजारच्या घरी गेला. यात थोडं तिखटमीठ माझ्या पदरचं आहे, पण थोडंच. बार खरा आहे. या, बघा, हवं तर दात लावून बघा. दातांची जबाबदारी तुमची.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते पहिल्यापासून नीट कळेल. माझं आयुष्य फौंड्रीत गेलं. लोखंडाचा रस साच्यात ओतायचा आणि त्यातून यंत्रांचे भाग काढायचे, हे काम मी शिकाऊ म्हणून सुरू केलं आणि फोरमन म्हणून संपवलं. या देशात आज जेवढे ट्रॅक्टर चालतात, त्यातल्या निम्म्यांच्या पोटात माझ्या हातचं काहीतरी आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे कोल्हापूरचे असतील तर पाव सांगतो. निवृत्त झालो त्या दिवशी सगळे शाल-नारळ घेऊन घरी जातात. मी माझा रॅमरही मागून आणला. रॅमर म्हणजे साच्यातली वाळू ठोकून घट्ट करायचा हातभर लांब लोखंडी ठोकणा. बायकोनं तो घरात घेतला, कारण तिला वाटलं मसाला कुटायला होईल. होत नाही. खल फुटतो.

निवृत्तीनंतर घरात माझ्याकडं एकच खातं राहिलं, सल्ल्याचं. पोळी फुगली नाही तर का फुगली नाही, कुकरची शिट्टी तिरकी का वाजते, हे मी सांगायचो. कुणी विचारायचं नाही, पण माणसानं कामाला कंटाळू नये. स्वयंपाकाला मात्र कधी हात लावला नव्हता. त्याची पाळी आमच्या सुनेनं आणली.

सून नागपूरची. कॉम्प्युटरवरचं काम घरातूनच करते. माडीवरच्या खोलीत कानाला ते यंत्र लावून बसली की जगाशी बोलते. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीनं कामाला. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत सुनेनं आमच्या घरात काहीही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही. आमच्याशी ती जे मराठी बोलायची, ते इस्त्री करून घडी घातलेलं. "बाबा, आपण चहा घेणार का?" असं मला विचारलं की मी मागं वळून बघायचो, आपण म्हणजे आणखी कोण आलंय. तिला काही विचारलं तर "नको, मी ठीक आहे." जेवण कसं झालंय, तर "छान झालं आहे." आणि हीच मुलगी माडीवरचं दार लावून नागपूरला आईला फोन करायची तेव्हा आतून आवाज यायचा तो भलत्याच मुलीचा. "आई, तू कायले टेन्शन घेऊन राहिली?" आणि मग असं खळखळून हसणं, की एकदा मी चहाचा कप घेऊन वर गेलो तो दारातूनच परत आलो. मला वाटलं, सुनेची कोणी मैत्रीण आलीय.

बायकोनं हे माझ्या आधी ओळखलं होतं. ती म्हणायची, "दार लावलं की ती घरात असती. दार उघडलं की पावणी."

मग दिवस राहिले, आनंदीआनंद झाला, आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी थांबतात म्हणाले, थांबल्या नाहीत. सातवा लागला तरी पोरीच्या पोटात काही ठरेना. आमच्या घरात पांढरा रस्सा असा होतो की आजारी माणूस वासानं उठून बसतो; ही वासानं उठून पळायची. भाकरी झाली, मऊ भात झाला, नाचणीची पेज झाली. सगळ्याला एक घास घेऊन ती म्हणायची, "छान झालं आहे," आणि बेसिनकडं जायची. पुढं पुढं ते तीन शब्द ऐकले की बायको ताट उचलायलाच लागायची. वजन वाढायला हवं, असं डॉक्टरीणबाई दर वेळी जरा जास्त गंभीरपणे सांगत होत्या.

अशात विहीणबाईंचा फोन आला. रविवारी डोहाळजेवणाला दोघं नवरा-बायको येणारच होते. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा पुढच्या महिन्याअखेर सून नागपूरला जायची हेही ठरलेलं होतं. पण त्या म्हणाल्या, पोरीचा आवाज मला बरा वाटत नाही. तोंड बघते, आणि तसंच उतरलेलं असलं तर सोबतच घेऊन जाते.

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर बायकोनं पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. आम्हाला मुलगी नाही. म्हणाली, "आत्ता गेली तर पावणी म्हणून आली तशी पावणी म्हणूनच जाईल. मग बाळ घेऊन येईल तवा, बाळाची आई म्हणून येईल. आमची म्हणून कवा यायची?"

मला यावर सल्ला सुचला नाही. यावरून प्रसंग ओळखा.

त्या संध्याकाळी बायकोनं सुनेचा हात धरला आणि सांगितलं, आज काहीतरी मागितल्याशिवाय मी उठायची न्हाय. डोहाळा पुरवला नाही तर पुढं बाळाची लाळ गळते, हा नियमही ऐकवला. सुनेनं बराच वेळ "नको, मी ठीक आहे" केलं. शेवटी खाली बघत हळूच म्हणाली, "बार खावासा वाटतो."

आता आमच्या कोल्हापुरात बार दोनच. एकाला बाहेर पडदा असतो आणि आत माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. दुसरा तळहातावर चुना लावून मळायचा आणि गालात भरायचा. बायको माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. तिनं दरवाजा लोटला आणि सांगितलं, सून तंबाखू मागतीया. मी म्हणालो, नागपूरकडं हवा कोरडी असते, असेल काही. असं मी खरंच म्हणालो. माझ्या सल्ल्याचा दर्जा कळावा म्हणून सांगतोय.

पाळी संपवून मुलगा आला आणि उलगडा झाला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. कॉलेजात असताना तिथल्या एका दुकानात ती हे खायची: ओट आणि चॉकलेटचे थर, चौकोनी कापलेले. पुण्याहून मागवून घेतो, म्हणाला. मी फोटो बघितला. खाली एक थर, मध्ये ओतलेला रस, वर झाकण. पत्र्याच्या डब्यात दाबून, भट्टीत घालून. माझ्या अंगावर काटा आला. हा खाऊ नव्हताच, हे ओतकाम होतं.

"इंजिनाची डोकी ओतलीत मी," मी म्हणालो. "ही चॉकलेटची वडी काय आहे? माझ्या सुनेचा डोहाळा कुरिअरनं यायचा न्हाय. मी करतो."

 सुनेनं वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आपण कशाला त्रास घेता?" हेसुद्धा इस्त्रीचंच.

दुसऱ्या दिवशी सामान जमवायला लागलो. ओट म्हणजे काय हे मला माहीत होतं. गारगोटीचा माझा मेव्हणा म्हशींसाठी हिरवा चारा म्हणून ते पेरतो. फोन लावला, म्हटलं ओट पाहिजे, डोहाळ्यासाठी. तो एकदम खुशीत आला. म्हणाला, "कितव्या वेताला हाय?"

मी म्हटलं, "पहिलंच."

"मग जपा, दाजी. पहिल्या वेताला लाथा मारत्यात."

मला वाटलं बाळाबद्दल बोलतोय. म्हटलं हो, रात्री मारतंय म्हणे. त्यानं जरा विचार केला आणि पेंड भिजवून घालायचा सल्ला दिला. फोन ठेवल्यावर बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिनं सांगितलं, माणसांचे ओट किराणा दुकानात पुडक्यात मिळतात. पुन्हा मेव्हण्याला फोन करून उलगडा करायला माझं तोंड नव्हतं, म्हणून तो विषय मी तिथंच सोडला. त्यानं सोडला नव्हता, पण ते पुढं येईल.

किराणा दुकानात संध्याकाळची गर्दी होती. मोबाइलवरच्या कृतीत लिहिलं होतं त्याप्रमाणं मी फौंड्रीच्या आवाजात ब्राऊन शुगर मागितली.  तराजूतली डाळ तशीच राहिली. दुकानदार त्याच्या लहानपणापासून मला ओळखतो, तो वाकून म्हणाला, "काका, तुमच्या वयात असलं काय नको. आणि हितं तर नकोच." ती नुसती तपकिरी साखर असते, हे पटवेपर्यंत माझी चारचौघांतली अब्रू ओट्याखाली गेली होती. शिवाय साखर आली ती फक्त पांढरी. मी म्हटलं, राहू दे. ज्या गावात गुळाच्या ढेपा भिंतीसारख्या रचतात, त्या गावच्या माणसानं तपकिरी रंगासाठी साखर शोधायची म्हणजे कमालच झाली. गूळ द्या.

इथं माझा पाय घसरला. त्या क्षणी मला वाटलं होतं, इथं मी उंच उडी मारली.

शुक्रवारी दुपारी मोका मिळाला. बायको डोहाळजेवणाची बोलावणी करायला गल्लीत गेली होती, सून माडीवर मीटिंगला बसली होती. मी दार लोटलं, बाह्या सरसावल्या, मोबाइल खिडकीत उभा केला. त्यातली बाई गोड आवाजात सांगत होती, मिश्रण बोटांनी हलकंच दाबून घ्या. मला हसू आलं. हलकंच दाबलेल्या साच्याचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. रस आत गेला की साचा ढासळतो आणि अख्खी पाळी शिव्या खाते. बाई चांगल्या घरची होती, तिला फौंड्री कशी माहीत असणार.

गूळ कढईत घातला, लोणी घातलं. गुळाबरोबर सुंठ आणि वेलदोडे आपल्याकडं आपोआप पडतात, ते पडले. आता गूळ किती शिजवायचा हे कृतीत नव्हतं, कारण कृतीत गूळच नव्हता. मग मी माझ्या अकलेनं घेतलं. आमच्याकडं माल चांगला की वाईट हे हातोडीनं ठरतं. भागाला हातोडी मारायची. टण् वाजला तर पास, बद्द वाजला तर आत भेग. आईला चिक्की करताना मी बघितलं होतं, तीही पाकाचा थेंब ताटलीत टाकून वाजवायची. दोन्ही शास्त्रं एकत्र आली. मी थेंब टाकत राहिलो, वाजवत राहिलो. बद्द, बद्द, बद्द, आणि मग एकदाचं टण्. इतकं निखळ वाजलं की डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनंतर तो आवाज ऐकला नव्हता.

त्यात ओट आणि कणीक घातली, बदाम घातले, आणि दोन पत्र्याच्या डब्यांत भरून रॅमर काढला. डबे फरशीवर ठेवून मी जे ठोकलं, ते सांगायला नको. कोपरे आधी, मग मधला भाग, फिरवून फिरवून, जसं हाताला ठाऊक होतं तसं. फळीवरचे डबे नाचत होते. शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या, त्याही मला तालात वाटल्या. मग चॉकलेट आणि घट्ट दूध तापवून ओतलं, खालचा थर निवायच्या आत, नाहीतर दोन थर एकजीव होत नाहीत. वरून पुन्हा ओट, पुन्हा रॅमर. आतला वायू निघून जावा म्हणून सायकलच्या तारेनं भोकंही पाडली. तार उकळून घेतली होती. मी काही अडाणी नाही. मुलानं हौसेनं घेतलेली विजेची भट्टी धूळ खात होती, तिच्यात दोन्ही डबे सारले आणि घामाघूम होऊन बसलो. आयुष्यात इतका सुंदर साचा मी भरला नव्हता.

निवल्यावर एक डबा उपडा केला. आतला ऐवज फरशीवर पडला आणि टण् वाजला. फरशीचा टवका उडाला. सुरी लावली, सुरी वाकली. करवत आणली, दात घासून गुळगुळीत झाले. करवतीचे. दुसऱ्या डब्यातला बार तर डब्यालाच असा धरून बसला होता की डबा आणि बार आता एकाच नावानं ओळखावेत.  बायको कोपऱ्यावर दिसली. मी बाहेर पडलेली वीट उचलली आणि फाटकाला अडसर म्हणून टेकवली. डब्यात अडकलेली दुसरी कागदात गुंडाळून माझ्या हत्यारांच्या पेटीत लपवली. बायको आत आली, नाक उडवत म्हणाली, कुणाचं गुऱ्हाळ पेटलंय का काय? मी म्हटलं, वारा तिकडून आहे.

शनिवारी लाज सोडून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत गेलो. आमच्याकडं दिवाळीला बायका घरून पीठ-तूप नेऊन या बेकरीत नानकटाई भाजून आणतात. बेकरीवाल्यांचं मुसलमान कुटुंब कितीतरी पिढ्या इथलंच. आताचे चाचा माझ्याच वयाचे आणि थापा मारण्यात माझे गुरू. त्यांचे आजोबा म्हणे महाराजांच्या हत्तीसाठी खाटेएवढं बिस्किट भाजायचे. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी रॅमरचं ऐकलं आणि खाली बसले. मग मला म्हणाले, "फोरमन, भट्टी माझी, हात माझे. तुम्ही फकस्त हाताची घडी घालून उभं ऱ्हायचं."

मी राहिलो. त्यांनी दाबलं ते हलकंच. पांढरी साखर आणि गुळाची थोडी पूड, पाक नाही. तासाभरात जे बाहेर आलं ते मोबाइलमधल्या फोटोपेक्षा देखणं होतं. थर असे सरळ की फूटपट्टी लावावी. सुरी घातली तर सुरीला लाज वाटेल इतकं अलगद कापलं. मी तो डबा छातीशी धरून घरी आलो, जसा काही ढाल जिंकून आलोय.

सुनेपुढं ताटली ठेवली. तिनं फोटो काढला. एक कोपरा तोडून तोंडात घातला, सावकाश चावला, आणि माझ्याकडं बघून हसली.

"खूप छान झालं आहे, बाबा," ती म्हणाली.

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि ताटली उचलली. बेसिनचा नळ सुरू झाला.

त्या रात्री मुलानं माळ्यावरून सुनेची मोठी बॅग काढून ठेवली. घेऊन जायची वेळ आलीच तर धावपळ नको, म्हणाला.

रविवारी उजाडताच गारगोटीहून दुधाचा टेम्पो आला आणि दारात हिरव्या ओटाचे भारे टाकून गेला. मेव्हण्याचा निरोप होता: ताजं कापलंय, गाभणीला सकाळ-संध्याकाळ घाला. एरवी बायकोनं माझी शोभा केली असती. पण तिनं भाऱ्यांकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या झोपाळ्याकडं बघितलं, आणि गपचूप ते ओट झोपाळ्याच्या कड्यांना बांधायला लागली. फुलांचे हार कमीच पडत होते. हिरव्या साडीला हिरवा झोपाळा. मी म्हटलं, मेव्हण्याला कळलं तर? ती म्हणाली, म्हशीला आवडला म्हणून सांगा.

तेवढ्यात रिक्षा आली. व्याही निवृत्त शिक्षक, शांत माणूस. बॅगा आत घ्यायला फाटक पुरतं उघडावं म्हणून ते अडसराची वीट सरकवायला वाकले. वीट हलली नाही. त्यांनी दोन्ही हात लावले, मग थांबले, आणि बोटांचा वास घेतला.

"तुमच्याकडच्या विटेले चॉकलेटचा वास येऊन राहिला," ते म्हणाले.

मी क्षणाचाही उशीर केला नाही. आमच्या पंचक्रोशीत वीटभट्टीला उसाचा पाला आणि चिपाडं जाळतात, त्यामुळं वीट गोड होते, आणि अशा विटांच्या घरात संसार गोड होतो, असं मी एका दमात सांगितलं. मध्ये शाहूकाळसुद्धा आणला. व्याही मान हलवत होते. सुटलो, असं वाटलं. पण विहीणबाई वाकल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अन् हा बदाम?"

वीट मला बघत होती. मी विटेला बघत होतो.

तेवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. दार लावल्यावरचा. खिडकीत सून उभी होती, पोटाला हात धरून, आणि खळखळून हसत होती. भिंत धरत धरत ती खाली आली, आईला मागं टाकून सरळ माझ्यापुढं उभी राहिली.

"बाबा, परवा दुपारी तुम्ही हेच ठोकून राहिले होते का जी?" ती म्हणाली. "माझा साहेब मीटिंगमध्ये विचारून राहिला होता, तुमच्या घराचं काम चालू आहे का म्हणून. मी म्हटलं, हो ना, चालू आहे."

स्वयंपाकघराच्या दारात बायको पिठाच्या हातांनी उभी होती, ती तशीच राहिली. मी काहीतरी पुटपुटलो, की बिघडला, दातानं तुटत नाही, म्हणून दिला नाही.

"तुटत नाही तं चोखता येते ना. मले कायले नाही दिला?"

दोन वर्षांत आमच्यावर तिनं केलेली ही पहिली तक्रार. मी धावत गेलो. हत्यारांच्या पेटीतून दुसरा डबा काढला, धुतलेली छिन्नी लावली आणि हातोडी मारली. टण्. खपली उडाली. चॉकलेटची रेघ मधोमध, दोन्ही थर एकजीव; ते एक काम मी चोख केलं होतं. तिनं खपली गालात धरली आणि पायरीवर बसली. आम्ही सगळे पाहुण्यांसकट उभे, जणू साचा उघडायची वाट बघतोय. ती बसून राहिली. बेसिनकडं गेली नाही. थोड्या वेळानं हात पुढं केला, "आणखी."

बायको म्हणाली, "सूनबाईनं बार भरला बघा." आणि मग तिला हसू की रडू काय येतंय ते तिचं तिलाच कळेना, म्हणून आत गेली.

सुंठ लागू पडली असेल, असं पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी गल्लीत रॅमरचा गुण म्हणून सांगतो. काही असो, दोन-तीन खपल्या चोखून झाल्यावर तिनं वरणभात मागितला. वाढला, तर म्हणाली, मीठ कमी आहे. बायकोनं ते मीठ असं आणलं जसा काही मानाचा विडा.

दुपारी डोहाळजेवण झालं. ओटाच्या झोपाळ्यावर सून बसली, गल्लीतल्या बायका जमल्या, चाचांच्या घरच्याही आल्या. आपल्याकडं दोन झाकलेल्या वाट्या पुढं ठेवतात, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी म्हणायचं. खव्याचा वास तिला सोसत नव्हता, म्हणून बायकोनं पेढ्याऐवजी लाडू आणि बर्फीऐवजी बेकरीतला देखणा बार ठेवला होता. कुणाचं लक्ष नाही बघून मी त्यातल्या एकीत अदलाबदल केली. कुठल्या, ते सांगणार नाही.

तिनं झाकण उचललं. आत माझ्या विटेचा तुकडा. बायकांत कुजबुज झाली. पेढा न्हाय, बर्फी न्हाय, मग ह्याचं काय धरायचं? शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी तुकडा वाटीवर आपटून बघितला. टण् वाजला.

सून म्हणाली, "फोरमन होईल."

संध्याकाळी विहीणबाई माडीवर गेल्या. उघडी बॅग पलंगाशेजारी होतीच. मी जिन्यात उभा होतो. ऐकायला नव्हे, बल्ब बघायला. त्यांनी विचारलं, मग काय करायचं, सामान भरू का? सून म्हणाली, पुढच्या महिन्याअखेर येते की, ठरलं होतं तसं. त्या "की"वर मी कान टवकारले. तो नागपूरचा नव्हता. आईनं विचारलं, इथं तुझं नीट होईल ना. त्यावर ती म्हणाली, "आई, अर्धा बार बाकी आहे अजून. तो संपेपर्यंत कुठं जाऊ?"

दार उघडंच होतं.

तो अर्धा बार आठवडाभरात संपला. माझी छिन्नी बोथट झाली. परवा सकाळी मी नवा गूळ चढवला, थेंब वाजवले, डबा फरशीवर ठेवला, आणि रॅमर उचलणार तोच आठवलं, तिची मीटिंग सुरू व्हायची वेळ झालीय. रॅमर तसाच खाली टेकवून बसलो. तेवढ्यात माडीच्या कठड्यावरून ती वाकली, कानाला यंत्र, हातात खपल्यांची रिकामी डबी.

"थांबले कायले, बाबा? ठोका की," ती म्हणाली. "साहेबाले सांगून ठेवलं मी. घराचं काम चालू आहे म्हणून."